एक वायरमन, एक संप आणि अख्ख्या देशाची वीज

समजा, तुमच्या शहरातल्या वीजकेंद्राच्या कामगारांनी संप पुकारला आणि जाहीर केलं, "कारखान्यांची वीज बंद राहील, पण घरांतले, दवाखान्यांतले आणि रस्त्यांवरचे दिवे चालू राहतील." ऐकायला बरं वाटतं. झळ मालकाला बसेल, आजारी माणसाला नाही. पण मला सांगा, हे करणार कसं? वीजकेंद्रातून निघालेल्या तारेला पुढे दिवा लावलाय की लेथ मशीन, हे कळतं का?

हा परीक्षेतला काल्पनिक प्रश्न नाही. मे १९२६ मध्ये ब्रिटनच्या सार्वत्रिक संपात तिथल्या कामगार संघटनांच्या शिखर संस्थेने, म्हणजे ट्रेड्स युनियन काँग्रेसने, जवळपास असाच आदेश काढला होता. त्या वेळी या संस्थेचा प्रभारी सरचिटणीस होता ३८ वर्षांचा वॉल्टर सिट्रीन. तो स्वतः हाताने वायरिंग करत पुढे आलेला माणूस. पुढे २२ वर्षांनी, १ एप्रिल १९४८ ला ब्रिटनचा वीजधंदा सरकारी मालकीचा झाला, तेव्हा तो चालवणाऱ्या मंडळाचा अध्यक्षही हाच सिट्रीन होता.

ज्याने एकदा वीज बंद करण्याच्या आदेशाची जबाबदारी पेलली, त्याच्याकडेच पुढे वीज बंद पडू न देण्याचं काम आलं. आजचा लेख त्याच्याबद्दल आहे.

या ब्लॉगचे नेहमीचे वाचक म्हणतील, "ताई, तुमचं तर भौतिकशास्त्र ना? कामगार चळवळ कुठून आली मध्येच?" तर माझं पीएचडीचं काम जोडलेल्या दोलकांवर आहे आणि वीजग्रिड हे त्याचं सगळ्यात मोठं, रोज डोळ्यांसमोर असणारं उदाहरण. शेकडो जनित्रं एकाच तालात फिरत ठेवायची, हे गणित मी रोज सोडवते. पण ती जनित्रं माणसं चालवतात, पाळ्या लावून, पगार घेऊन, कधी संप करून. हे माझ्या समीकरणांत कुठेच येत नाही. ते समजून घ्यायचं तर सिट्रीनच्या कारकिर्दीसारखी दुसरी सोयीची वाट मला सापडली नाही.

दिवा आणि मोटर एकाच तारेवर

आधी सुरुवातीच्या प्रश्नाचा निकाल लावू. जनित्रातून निघालेली वीज केंद्रातल्या एका जाडजूड पट्टीवर एकत्र येते. तिथून फीडर निघतात, ते वस्त्यांकडे जातात आणि पुढे त्यांना फाटे फुटतात. एकाच फीडरवर पिठाची गिरणी, शाळा, दवाखाना आणि शंभर घरं असू शकतात. केंद्रात बसलेल्या माणसाच्या हातात त्या फीडरचा स्विच असतो. तो पाडला की सगळेच अंधारात. त्याला एकूण भार दिसतो, पण त्या भारामागे कोण आहे ते दिसत नाही.

१९२६ मध्ये काही ठिकाणी दिव्यांची आणि यंत्रांची जोडणी वेगळी असायची, कारण त्यांचे दर वेगळे होते. पण ही विभागणी ग्राहकाच्या दाराशी होती. केंद्रातून निवडून तोडता येईल अशी ती सहसा नव्हती. त्यामुळे "यंत्रांची वीज बंद, दिव्यांची चालू" हा आदेश कागदावर न्याय्य असला तरी अंमलबजावणीत त्याचा गोंधळ झाला. कुठे नगरपालिकेशी स्थानिक तडजोड झाली, कुठे कामगार पूर्णच बाहेर पडले, तर कुठे कामावरच राहिले. सरकारने नौदलाची माणसं आणि स्वयंसेवक आणून बरीच केंद्रं चालू ठेवली.

हा संप मुळात विजेसाठी नव्हताच. खाणमालकांनी पगार कमी आणि कामाचे तास जास्त अशी मागणी धरली होती आणि ती न मानणाऱ्या सुमारे दहा लाख खाणकामगारांसाठी खाणींचे दरवाजे बंद केले होते. त्यांना पाठिंबा म्हणून रेल्वे, वाहतूक, छपाई, पोलाद अशा धंद्यांतले पंधरा लाखांहून अधिक कामगार बाहेर आले. नऊ दिवसांनी, १२ मे रोजी, ट्रेड्स युनियन काँग्रेसने संप मागे घेतला आणि पदरात काहीच पडलं नाही. खाणकामगार मात्र पुढे कित्येक महिने एकटे लढत राहिले आणि हिवाळ्याच्या तोंडावर पोटासाठी पुन्हा खाणीत उतरले. पुढच्याच वर्षी सरकारने कायदा करून सहानुभूतीच्या संपावर बंदी आणली.

म्हणजे सिट्रीनच्या मोठ्या कारकिर्दीची सुरुवात एका दणदणीत पराभवाने झाली. पुढचं सगळं समजायला हे लक्षात ठेवा.

कोण हा माणूस?

जन्म १८८७ चा, लिव्हरपूलचा. घर कष्टकऱ्यांचं, वडील जहाजांवर काम करायचे. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि पिठाच्या गिरणीत नोकरी लागली. मग तो विजेचं काम शिकला. तेव्हा विजेचं काम म्हणजे आजच्या सॉफ्टवेअरसारखं नवं क्षेत्र होतं. १९११ मध्ये तो वीज कामगारांच्या संघटनेत, इलेक्ट्रिकल ट्रेड्स युनियनमध्ये आला. तीन वर्षांत जिल्ह्याचा सचिव झाला, १९२० मध्ये अख्ख्या संघटनेचा सहसरचिटणीस आणि १९२४ मध्ये ट्रेड्स युनियन काँग्रेसच्या मुख्यालयात दोन नंबरच्या जागेवर. ऑक्टोबर १९२५ मध्ये सरचिटणीस फ्रेड ब्रॅम्ली वारला आणि जबाबदारी अचानक याच्यावर आली. संप संपल्यावर, सप्टेंबर १९२६ मध्ये, तो रीतसर सरचिटणीस निवडला गेला आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिला.

कामगार पुढारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गेटवरची सभा येते. मुठी आवळलेल्या, आवाज बसलेला. सिट्रीन तसा अजिबात नव्हता. तो लघुलिपी शिकलेला होता आणि बैठकीत कोण काय बोललं ते टिपून ठेवायचा. फाइली, नोंदी, आकडे, इतिवृत्त यांवर त्याचा जीव. बैठक कशी चालवावी यावर त्याने १९३९ मध्ये एक पुस्तकच लिहिलं, 'एबीसी ऑफ चेअरमनशिप'. ठराव कसा मांडायचा, उपसूचना आधी मताला घ्यायची की मूळ ठराव, हरकतीच्या मुद्द्यावर अध्यक्षाने काय करायचं, असल्या गोष्टी त्यात आहेत. ब्रिटनच्या कामगार चळवळीत हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? आपल्या सोसायटीची वार्षिक सभा आठवा. ज्याला नियम माहीत नसतात तो ओरडतो, ज्याला माहीत असतात तो ठराव मंजूर करून घरी जातो. बारा वर्षांचा असताना शाळा सोडलेल्या माणसांना वकील आणि मालक यांच्यासमोर बसायचं होतं. त्यांच्यासाठी कार्यपद्धतीचं ज्ञान हेच हत्यार होतं.

संप हरल्यावर काय करायचं?

१९२६ नंतर चळवळीसमोर दोन रस्ते होते. एक, पुढच्या आणखी मोठ्या संपाची तयारी. दोन, जिथे निर्णय होतात तिथे शिरायचं. सिट्रीन आणि वाहतूक कामगारांचा नेता अर्नेस्ट बेव्हिन यांनी दुसरा रस्ता धरला. १९२८ मध्ये केमिकल उद्योगातला बडा मालक आल्फ्रेड माँड आणि ट्रेड्स युनियन काँग्रेसचा अध्यक्ष बेन टर्नर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाटाघाटी सुरू झाल्या. डाव्या गटांनी ही शरणागती आहे अशी टीका केली. लगेच हाती फारसं लागलंही नाही. पण कामगार संघटनेला उद्योग कसा चालवावा यावरही मत आहे, ही गोष्ट टेबलावर आली.

तो मवाळ होता असं मात्र समजू नका. ऑगस्ट १९३१ मध्ये आर्थिक संकट आलं आणि मजूर पक्षाच्याच सरकारने बेकारांचा भत्ता कापायचं ठरवलं. तेव्हा सिट्रीन आणि बेव्हिन यांनी मंत्र्यांना तोंडावर नकार दिला. काही दिवसांत ते सरकार कोसळलं आणि पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्डने विरोधकांबरोबर नवं सरकार बनवलं. पक्ष आपला असला म्हणून कामगाराच्या ताटातलं काढू द्यायचं नाही, ही रेघ सिट्रीनने तेव्हा ओढली.

सरकारी आणि सार्वजनिक कामं मग हळूहळू त्याच्याकडे येत गेली. १९३५ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला, जो चळवळीतल्या अनेकांना अजिबात रुचला नाही. १९३८-३९ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या बेटांवर मजुरांचे मोठे उठाव झाल्यानंतर नेमलेल्या शाही आयोगात तो सदस्य होता. साखरमळ्यांवरच्या मजुरांची हलाखी या आयोगाने इतकी उघडी पाडली, की सरकारने पूर्ण अहवाल युद्ध संपत येईपर्यंत, १९४५ पर्यंत, छापलाच नाही. युद्धाच्या काळात बेव्हिन श्रममंत्री झाला. सिट्रीन मंत्री न होता संघटनेतच राहिला आणि सरकारच्या सल्लागार समित्यांवरून काम करत राहिला.

१९४७ चा हिवाळा: साठा आणि क्षमता

१९४५ मध्ये मजूर पक्ष बहुमताने आला आणि राष्ट्रीयीकरण सुरू झालं. १९४६ मध्ये सिट्रीनने सरचिटणीसपद सोडलं आणि तो कोळसा मंडळावर गेला. त्याच वर्षी तो लॉर्ड झाला. पुढच्या वर्षी त्याला नव्या ब्रिटिश इलेक्ट्रिसिटी ऑथॉरिटीचं अध्यक्षपद मिळालं. त्या वर्षीचा हिवाळा नुकताच देशाच्या कायम लक्षात राहिला होता.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी १९४७. इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेलने संसदेत सांगितलं, की लंडन आणि आग्नेय भाग, मध्य इंग्लंड आणि वायव्य इंग्लंड इथल्या उद्योगांची वीज सोमवारपासून बंद. घरांनी सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ वीज वापरायची नाही. बेकारांचा आकडा काही आठवड्यांसाठी वीस लाखांच्या वर गेला. वीजकेंद्रांत कोळसा नव्हता आणि बर्फात अडकलेल्या रेल्वे तो पोचवू शकत नव्हत्या.

लोडशेडिंग हा शब्द आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. पण यात दोन वेगळ्या टंचाया एकत्र आल्या होत्या आणि त्या वेगळ्या करून बघणं महत्त्वाचं आहे. पाण्याच्या टाकीचं उदाहरण घ्या. टाकीत पाणी किती आहे हा एक प्रश्न, नळ किती जाड आहे हा दुसरा. टाकी भरलेली असली तरी नळ बारीक असेल तर दहा बादल्या एकदम भरता येत नाहीत. कोळशाचा साठा म्हणजे टाकी, वीजकेंद्रांची एकूण क्षमता म्हणजे नळ. १९४७ मध्ये टाकी रिकामी होत होती, हे सगळ्यांना दिसलं. पण नळही बारीकच होता. युद्धाच्या काळात नवी केंद्रं जवळजवळ उभी राहिली नव्हती. त्यात कोळशाचं रेशनिंग असल्याने लोकांनी विजेचे हीटर विकत घेतले आणि थंडीच्या सकाळ-संध्याकाळी सगळ्यांनी ते एकदम लावले.

मागणी क्षमतेपेक्षा वाढली की काय होतं, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. फिरत्या जनित्रावर ओझं वाढतं, त्याचा वेग मंदावतो आणि अख्ख्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरायला लागते. वेळीच काही भार तोडला नाही, तर जनित्रं स्वतःला वाचवायला एकेक करून बाहेर पडतात आणि उरलेल्यांवर आणखी ओझं येतं. भारनियमन करायचं ते एवढ्यासाठीच, थोड्यांची वीज घालवून बाकीच्यांची टिकवायची म्हणून. आता कोणाची घालवायची? बघा, १९२६ चाच प्रश्न परत आला. फक्त या वेळी तो सोडवणाऱ्याच्या खुर्चीवर संपवाला बसला होता.

१९४८ मध्ये घरगुती मागणीच्या शिखरावर उपाय सुचवणारी एक समिती बसली. तिचा अध्यक्ष अँड्र्यू क्लाऊ नुकताच आसामच्या गव्हर्नरपदावरून परतलेला. समितीने सुचवलं, हिवाळ्यात वीज महाग करा, उन्हाळ्यात स्वस्त. कल्पना तर्काला धरून होती. पण गार पडलेल्या घरात हीटर लावणाऱ्या माणसाला तो दंडच वाटला आणि एका हिवाळ्यानंतर ती गुंडाळावी लागली. खरा उपाय एकच होता, नळ जाड करणे.

तारा जोडणं आणि माणसं जोडणं

सिट्रीनच्या मंडळाकडे पाचशेहून अधिक नगरपालिका आणि खासगी कंपन्यांचे वीजधंदे आणि तीनशेच्या आसपास वीजकेंद्रं आली. वितरणासाठी १४ विभागीय मंडळं बनली. दरपत्रकं वेगळी, पगार वेगळे, पाळ्यांचे नियम वेगळे, रजेचे नियमही वेगळे. हा गुंता नीट लावणं म्हणजे मुख्यतः बैठका, करार आणि इतिवृत्तांचं काम. सिट्रीनने आयुष्यभर तेच केलं होतं.

तांत्रिक बाजूही थोडी बघू. १९२६ च्या शेवटी, म्हणजे संपाच्याच वर्षी, झालेल्या कायद्याने ब्रिटनमध्ये १ लाख ३२ हजार व्होल्टचं ग्रिड उभं राहिलं होतं. आता मोठी केंद्रं कोळसाखाणींजवळ बांधून वीज दूरवर न्यायची होती. तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. तेवढीच शक्ती दुप्पट व्होल्टेजवर नेली तर प्रवाह निम्मा होतो आणि तेवढ्याच तारेतला तोटा चौथा हिस्सा. म्हणून २ लाख ७५ हजार व्होल्टचं 'सुपरग्रिड' आखलं गेलं आणि त्याचा पहिला टप्पा १९५३ मध्ये सुरू झाला. कोळसा वाहून न्यायच्या ऐवजी वीज वाहून न्यायची, हे १९४७ च्या बर्फाला दिलेलं उत्तर होतं.

चुकलेले निर्णयही होते. यंत्रं लवकर मिळावीत म्हणून सरकारने १९४७ मध्ये ३० आणि ६० मेगावॅट अशा दोनच मापांचे संच बांधायचा हुकूम काढला. संच पटापट निघावेत हा हेतू. पण मोठे संच कोळसा कमी खातात आणि त्यांच्याकडे वळायला त्यामुळे उशीर झाला. १९५० मध्ये तो हुकूम मागे घेतला गेला.

माणसांच्या बाजूने वीज कायद्यातच एक कलम होतं, की मंडळाने कामगार संघटनांशी बोलून वेतन ठरवायची आणि सुरक्षा, प्रशिक्षण, कामाची पद्धत यांवर सल्लामसलत करायची यंत्रणा उभी केली पाहिजे. सिट्रीनने ती राष्ट्रीय समितीपासून थेट वीजकेंद्रापर्यंत उभारली. एक गोष्ट मात्र त्यात नव्हती. मंडळावर कामगारांनी निवडलेला प्रतिनिधी नव्हता. चळवळीतून आलेली माणसं मंडळावर होती, पण त्यांना आधीचं पद सोडून, मंत्र्याने नेमलेला सदस्य म्हणून यावं लागे. ही व्यवस्था ट्रेड्स युनियन काँग्रेसने १९४४ मध्ये, म्हणजे सिट्रीन सरचिटणीस असतानाच, मान्य केली होती. त्यामागचा विचार असा होता, की जो मालकाच्या बाजूने बसून निर्णय घेतो, त्याने त्याच निर्णयाविरुद्ध कामगारांच्या बाजूने भांडता कामा नये, म्हणून संघटना स्वतंत्रच राहावी.

डिसेंबर १९४९

या विचाराची परीक्षा लवकरच झाली. डिसेंबर १९४९ मध्ये लंडनच्या काही वीजकेंद्रांतले कामगार अनधिकृत संपावर गेले. सरकार मजूर पक्षाचं. वीज जनतेच्या मालकीची. मंडळाचा अध्यक्ष स्वतः जुना संपवाला. आणि केंद्रं चालू ठेवायला आत कोण गेलं? सैनिक.

१९२६ मध्ये नौदलाची माणसं वीजकेंद्रात शिरली तेव्हा सिट्रीन बाहेरच्या बाजूला होता. या वेळी तो आतल्या बाजूला होता. त्यात त्याची स्वतःची जुनी संघटना, इलेक्ट्रिकल ट्रेड्स युनियन, आता कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली होती आणि त्यांच्याशी त्याचं वैर विसाव्या दशकापासूनचं. त्यांच्या दृष्टीने तो केव्हाच पलीकडे गेलेला माणूस होता.

मग तो फुटला का? हा प्रश्न टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. माझं मत सांगते, तुम्हाला पटलं नाही तर खाली भांडा. ग्रिड उभं राहिल्यावर वीज कामगाराच्या संपाचं स्वरूपच बदललं होतं. एका गावाचं एक केंद्र असताना संपाचा आघात त्या मालकावर आणि त्या गावावर व्हायचा. जोडलेल्या ग्रिडमध्ये एका केंद्राची उणीव दुसरी केंद्रं भरून काढतात, म्हणून लहान संप बोथट होतो. पण तीच केंद्रं आधीच काठावर चालत असतील, तर लहान संपही दूरवरच्या अनोळखी माणसाला अंधारात लोटतो. म्हणजे तो एक तर निष्फळ तरी होतो, नाही तर नको त्याला लागतो. सिट्रीनला हे दिसत होतं असं मला वाटतं. म्हणून त्याचा सगळा भर संपाआधीच्या टेबलावर होता.

पण त्याच्या उत्तरात एक भोक होतंच. सल्लामसलतीच्या समितीत कामगार बोलू शकत होता, पण निर्णय मंडळाचाच होता. मालकी जनतेची झाल्याने पाळीवरच्या फोरमनचा आवाज आपोआप बदलत नाही. लंडनचे ते कामगार हेच सांगत होते, असं मला त्या प्रसंगाकडे बघताना वाटतं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं असली तरी टेबल उरतंच.

शेवटची वर्षं आणि आपल्याकडचा धागा

सिट्रीन दहा वर्षं, १९५७ अखेरपर्यंत, अध्यक्ष राहिला. तेवढ्यात देशाची वीजनिर्मितीची क्षमता साधारण दुप्पट झाली. १७ ऑक्टोबर १९५६ ला कॅल्डर हॉल अणुवीजकेंद्राचं उद्घाटन झालं आणि तिथली वीज याच ग्रिडमध्ये आली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हर्बर्ट समितीने मंडळ फार केंद्रित झालंय असं म्हटलं आणि १९५८ पासून निर्मितीचं काम वेगळ्या मंडळाकडे गेलं. सिट्रीनने आठवणींचे दोन खंड लिहिले. दुसऱ्याचं नावच 'टू करिअर्स', म्हणजे दोन कारकिर्दी. १९८३ मध्ये ९५ व्या वर्षी तो गेला.

आपल्याकडे याचा एक खरा धागा आहे. ब्रिटनच्या १९२६ च्या त्याच वीज कायद्याच्या धर्तीवर भारताचा १९४८ चा वीजपुरवठा कायदा बेतला गेला. त्यातूनच राज्यांची वीज मंडळं आली आणि पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. त्याआधी, १९४२ ते १९४६ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसदस्य होते आणि विजेचं धोरण त्यांच्याच श्रम खात्याकडे होतं. श्रम आणि वीज एकाच टेबलावर, हा योग मला विलक्षण वाटतो. त्यावर स्वतंत्र लेख लिहीन म्हणते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. कारखान्याची वीज तोडून दवाखान्याची चालू ठेवणं १९२६ मध्ये जमलं नाही, कारण तारेला ग्राहक दिसत नव्हता. आज स्मार्ट मीटर बसतायत. दूर बसलेल्या माणसाला एकेका घराची वीज बटण दाबून तोडता येते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा तांत्रिक अडथळा संपत आलाय. आता कोणाची आधी तोडायची, हे ठरवताना तारेकडे बोट दाखवता येणार नाही. ते कोणीतरी ठरवणार. सिट्रीनला विचारलं असतं तर त्याने बहुधा एवढंच विचारलं असतं, की ही बैठक कुठे आहे, तिला कोण हजर असणार आणि इतिवृत्त कोण लिहिणार?

तुमच्या भागात स्मार्ट मीटर आला असेल, तर वीज तोडण्याचे नियम काय आहेत ते तुम्हाला कोणी सांगितलं का? खाली जरूर लिहा. पुढच्या लेखात फ्रिक्वेन्सीकडे परत जाऊ: ५० हर्ट्झवरून अर्धा हर्ट्झ खाली घसरलं तर इतकी धावपळ का होते?